खेकड्याची पंगत

मालवणहून काय आणलं म्हणता? खाजं आणलंय, ते आजी देईल. माझ्याकडं एक गोष्ट आहे, ती आधी ऐका.

आम्ही पाच जण, सगळे पेन्शनर. कोल्हापुरातून राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरलो. घाटाच्या वर पडलेला पाऊस भोगावतीतून पंचगंगेला मिळतो, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत शिरतो आणि पार बंगालच्या उपसागराला जातो. समुद्र इतका जवळ असून आपलं पाणी तिकडं तोंड फिरवतं! असो, ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

मालवणजवळ तारकर्लीला पोचलो तो पौर्णिमेचा दिवस. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. ओल्या वाळूवर बघतो तर बारीक लाडवांसारख्या हजारो गोळ्या! मधे एक भोक आणि त्याच्याभोवती सूर्याच्या किरणांसारख्या ओळी. आमच्यातला एक म्हणाला, "कुणी पोरानं रांगोळी काढलीय वाटतं." मी म्हटलं, गप बस आणि हलू नकोस.

दोन मिनिटांत भोकातून नखाएवढा खेकडा वर आला. नांगीनं वाळू उचलायची, तोंडात घालायची आणि गोळी करून मागं ढकलायची, असा त्याचा सपाटा. वाळू खातो का हो तो, आजोबा? छे! वाळूच्या कणांना चिकटलेलं शेवाळ, सडका पाला, बारीक जीव खातो. तोंडात पाणी खेळवतो; हलकं अन्न वर तरंगतं, जड वाळू खाली बसते. आजी सुपात तांदूळ पाखडते, तेच काम, फक्त पाण्यानं. चाळून झालेल्या वाळूची गोळी करून टाकायची, म्हणजे तीच वाळू पुन्हा चाळायला नको. आणि गंमत बघा, भोकाकडं जायची वाट तो मोकळी ठेवतो. माझी सावली पडली मात्र, गडी आत!

त्याच्या मांड्यांवर पातळ पडद्याच्या खिडक्या असतात. शास्त्रज्ञांना कैक वर्षं वाटायचं, ते त्याचे कान आहेत. 1986 साली उलगडा झाला, की त्यातून तो हवा घेतो. पायानं श्वास घेणारा प्राणी! आता तुम्ही मांडीला नाक लावून बसू नका.

रात्री खाणावळीत बसलो. सुरमई, भात, सोलकढी. आमच्या एकानं सवयीनं विचारलंच, "पांढरा रस्सा आहे का?" वाढणाऱ्या मावशींनी हसून गुलाबी सोलकढीची वाटी पुढं केली. ज्यानं तासभर कौतुकानं खेकडा बघितला होता, त्यानंच कुर्ल्यांचं कालवण मागवलं, नांग्या फोडून चोखल्या, आणि वर मला सांगतो, "हे खाडीतले आहेत, आपला तो नव्हे."

मध्यरात्रीच्या भरतीनं सगळ्या गोळ्या पुसल्या. खेकडे तेव्हा बिळाचं तोंड लिंपून आत, हवेचा एक बुडबुडा जवळ घेऊन बसलेले. चंद्र रोज जरा मागं पडतो, म्हणून भरती-ओहोटीही रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. दुसऱ्या संध्याकाळी साडेपाचला गेलो तर कालच्या जागेवर अजून पाणी होतं. सहा वाजून गेल्यावर वाळू उघडी पडली, आणि पहिली गोळी बाहेर आली.