डोळ्याला जागा देणारी गाठ

डोळ्याच्या खोबणीत मावतं किती? सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे खोकल्याच्या औषधाची तीन झाकणं. एवढ्याशा जागेत २४ मिलिमीटरचा गोल डोळा, त्याला फिरवणारे सहा स्नायू, मेंदूकडे जाणारी नस, चरबी आणि अश्रुग्रंथी. लसिकागाठ मात्र एकही नाही. तरी लसिकापेशींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, इथे मूळ धरू शकतो.

धारूरसारख्या गावात कुणाची पापणी महिनोन्‌महिने जड होत गेली आणि दुखलं काहीच नाही, तर माणूस दिवस ढकलत राहतो. मग कुणीतरी आग्रहानं अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नेतं. तिथून पुढे स्कॅन.

सीटीतलं चित्र पाहून मी थक्क झालो. कर्करोग म्हटला की पोखरणं, चिरडणं डोळ्यांसमोर येतं. लिम्फोमाची ही गाठ बहुतेक वेळा तसं करत नाही. सुपारीभोवती मऊ कणीक थापावी, तशी ती डोळ्याभोवती बसते. डोळा गोलच राहतो, हाड शाबूत राहतं. तिचं हे मऊपणच डॉक्टरांसाठी पहिली खूण ठरतं.

खरी नवलाई एमआरआयची. आपल्या शरीरातलं पाणी क्षणभरही स्थिर नसतं. सेकंदाच्या लहानशा अंशात त्याचे रेणू काही मायक्रॉन भटकतात आणि एमआरआयची एक पद्धत ती भटकंती मोजते. महाशिवरात्रीला परळीच्या वैजनाथाच्या रांगेत उभं राहून पाहा, इच्छा असूनही पाऊल टाकता येत नाही. लिम्फोमाच्या पेशी तशाच खेटून असतात. केंद्रक मोठं, भोवतालची जागा जेमतेम. पाणी अडतं आणि ते अडलेलं पाणी चित्रात उजळून दिसतं. पेशी न पाहता पेशींची गर्दी कळते! तरी शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचाच. तुकडा काढून तपासावाच लागतो.

रोग शरीरात आणखी कुठे आहे का, हे पेट स्कॅन शोधतो. त्यासाठी किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर टोचतात. हे फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. मुंबईहून धारूरला यायला आठ तास धरले, तर पोचेपर्यंत विसावा हिस्साच उरेल. म्हणून अशा तपासणीला औषध रुग्णाच्या गावी येत नाही, रुग्णालाच शहर गाठावं लागतं. हे अंतर मला सलतं. शिवाय डोळ्याच्या खोबणीत सर्वाधिक आढळणारा लिम्फोमाचा संथ प्रकार साखर नेहमीच भरभरून घेतो असंही नाही. पेट कोरा आला म्हणून निश्चिंत होता येत नाही.

हा संथ प्रकार किरणोपचाराला मात्र फार छान दाद देतो. २४ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं एकक) ही नेहमीची मात्रा. काहींना दोन बैठकांत मिळून ४ ग्रेही पुरतात. नंतरच्या एमआरआयमध्ये, कधी गाठ लहान दिसण्याआधीच, पाण्याची भटकंती वाढलेली दिसते. रांग पांगू लागलेली असते.