जुन्या गाडीचे इंजिन ऑइल आणि फिल्टर

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढावी, पुसावी आणि पुन्हा पूर्ण आत घालून पाहावी. ऑइलची पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. नुसत्या काळ्या रंगाने घाबरू नये. डिझेल इंजिनात नवे ऑइलही काजळीने लवकर काळे पडते. खरी चिंता दुधाळ, कॉफीसारख्या रंगाची. ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट मिसळल्याची ती खूण असते आणि अनेकदा हेड गॅस्केट गेलेले असते. असा थर फक्त ऑइलच्या झाकणाखाली दिसला, तर छोट्या फेऱ्यांमुळे साचलेली वाफही कारण असू शकते. ऑइलला पेट्रोलचा वास किंवा त्यात धातूचे चमकते कण आढळल्यास मात्र गाडी लगेच गॅरेजात न्यावी.

फिल्टरचे आटे जुळले म्हणजे झाले, ही समजूत घातक आहे. रबरी रिंगचा व्यास, बायपास व्हॉल्व्ह उघडण्याचा दाब आणि बंद इंजिनात ऑइल मागे वाहू न देणारा व्हॉल्व्ह, हे सारे मूळ फिल्टरप्रमाणेच हवे. हा शेवटचा व्हॉल्व्ह निकामी असला, तर सकाळी गाडी सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा रेंगाळतो आणि तेवढा वेळ बेअरिंग कोरडी घासतात. उत्पादन २०१४ मध्ये थांबलेल्या मारुती ८०० सारख्या गाडीसाठीही फिल्टर पार्ट नंबर ताडूनच घ्यावा. जुनी रिंग इंजिनाला चिकटलेली नाही ना, हे पाहावे. नव्या रिंगला ऑइल लावून फिल्टर हातानेच आवळावा.