शस्त्रक्रियेनंतरची नळी : कशासाठी आणि किती दिवस?



पगारवाढ आणि बोनस हे आमचे नेहमीचे विषय. ते सोडून आम्ही आज स्त्रियांच्या शस्त्रक्रियेकडे कसे वळलो, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. श्रम करणाऱ्या स्त्रीजवळ शरीरावाचून दुसरे भांडवल नसते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. आपल्या शरीरावर काय केले जाते हे बाईला समजले पाहिजे, हा त्यातला मोठा प्रश्न. त्यातील एका लहान गोष्टीबद्दल, म्हणजे लघवीच्या नळीबद्दल, आम्ही बोलणार आहोत. आम्ही काही डॉक्टर नाही. वाचून आणि जाणत्यांना विचारून जे उमगले तेवढे सांगतो.

प्रथम ही नळी घालतात कशाला ते पाहू. मूत्राशय गर्भाशयाच्या अगदी पुढे, त्याला लागूनच असते. ते भरलेले राहिले तर शस्त्रक्रियेत आड येते आणि त्याला इजा होण्याची भीती असते. शिवाय मणक्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला, की कित्येक तास लघवीची जाणीवच होत नाही. मूत्रपिंडे मात्र आपले काम थांबवीत नाहीत. मूत्राशय प्रमाणाबाहेर ताणले गेले तर त्याचा स्नायू थकतो आणि पुढे लघवी नीट सुटत नाही. तासाला किती लघवी झाली हे मोजून रुग्णाची प्रकृती कशी आहे, याचाही अंदाज डॉक्टरांना घेता येतो.

वॉर्डात ‘फोलीज’ म्हणतात ती नळी फ्रेडरिक फोली या अमेरिकन शल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाते. तिच्या टोकाशी एक लहान फुगा असतो. नळी आत गेली, की त्यात निर्जंतुक पाणी भरतात. त्यामुळे ती निसटत नाही. काढताना आधी ते पाणी पिचकारीने ओढून घेतात. म्हणून रुग्णाने किंवा नातेवाइकाने नळी कधीही ओढू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. मूत्रमार्ग बाहेरच्या जंतूंना सहजी आत शिरू देत नाही. नळी ही त्यांना चढायला शिडी होते. ती जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो. यास्तव साध्या गर्भाशय-शस्त्रक्रियेनंतर नळी बहुधा २४ तासांच्या आत काढावी, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. मात्र सर्वांना एकच माप लागू नाही. शस्त्रक्रियेत मूत्राशयाला इजा होऊन टाके पडले, अथवा कर्करोगासाठी मोठी शस्त्रक्रिया झाली, तर नळी अधिक दिवस ठेवावी लागते. अडलेल्या बाळंतपणामुळे मूत्राशय व योनी यांमध्ये भोक पडून लघवी सतत गळू लागते. त्यावरील साध्या शस्त्रक्रियेनंतर ७ ते १० दिवस नळी ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले. थोडक्यात, मुदत कारणावर ठरते.

अडचण येते ती कारण संपूनही नळी राहते तेव्हा. आमच्या युनियनमधील एका भगिनीची नळी एका इस्पितळात चौथ्या दिवशी निघाली, तीही तिला थंडी वाजून ताप आल्यावर. वॉर्डात माणसे अपुरी होती आणि काढण्याची आठवण कोणाला राहिली नव्हती. सिस्टरला आम्ही दोष देत नाही; एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या बाईचे हाल आम्ही जाणतो. पण रोजंदारीवरील स्त्रीला तापाचे चार दिवस म्हणजे चार दिवसांचा बुडालेला रोज.

म्हणून रोज सकाळी नम्रपणे विचारावे : ‘‘डॉक्टर, नळी अजून कशासाठी आहे? केव्हा काढणार?’’ लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. नळीला पीळ पडू देऊ नये. पिशवी रिकामी करण्यापूर्वी व नंतर हात साबणाने धुवावेत. पिशवीत लघवी येईनाशी होऊन ओटीपोट तुंबले, तर तत्काळ सांगावे.

नळी निघाल्यावर काही तासांत लघवी झाली पाहिजे. झाली नाही, किंवा थेंब थेंब होऊ लागली, तर लाजू नये. कधी कधी नळी थोडा काळ पुन्हा घालावी लागते; त्यात घाबरण्याजोगे काही नाही. घरी गेल्यावर ताप आला, किंवा लघवी नकळत सतत गळू लागली, तर लगेच इस्पितळ गाठावे. या गळतीवर इलाज आहे. लाजेपायी ती लपविणाऱ्या भगिनी वर्षानुवर्षे घरच्या कोपऱ्यात बसून राहतात.

आणि एक काम आम्हां युनियनवाल्यांचे. बाई कामावर परतली, की तिला दिवसभर लघवी दाबून धरावी लागू नये. कामाच्या जागी पाणी असलेली, दार लागणारी मुतारी हवी. ही मागणी आम्ही आमच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या शेजारीच लिहितो.