उत्तरेकडील एक धांवपट्टी

विमानतळ म्हटला म्हणजे उतारूंची गर्दी व मोठाल्या इमारती आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. आज आम्ही वाचकांस ज्या विमानतळाकडे नेणार आहों, तेथें यांपैकीं कांहींच नाहीं.

कॅनडाच्या अगदीं उत्तरेस, एल्झमिअर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, ग्रिस फिओर्ड नांवाचें चिमुकलें खेडें आहे. २०२१ च्या शिरगणतींत तेथील वस्ती अवघी १४४ भरली. हिवाळ्यांत सुमारें तीन महिने तेथें सूर्यदर्शन घडत नाहीं. बाहेरून येणारा रस्ता नाहीं. समुद्र बहुतेक काळ गोठलेला, त्यामुळें मालाचें जहाज उन्हाळ्याच्या अखेरीस वर्षांतून एकदांच येतें. एरव्हीं सारी भिस्त खडीच्या, सुमारें १७०० फूट लांबीच्या धांवपट्टीवर. जवळच डोंगर व समुद्र असल्यामुळें तेथें ट्विन ऑटर जातीचें लहानसें विमान तेवढें उतरतें. हवा बिघडली कीं तेंही येत नाहीं.

इतक्या आडजागीं माणसें गेलीं तरी कां? १९५३ सालीं कॅनडा सरकारनें क्यूबेक प्रांतांतील इनुकजुआक येथील कांहीं इन्युइट कुटुंबें सुमारें १२०० मैल उत्तरेस नेलीं. शिकार विपुल मिळेल, मन न रमल्यास दोन वर्षांनीं परत आणूं, असें आश्वासन होतें. तें पाळलें गेलें नाहीं. जहाजावर चढल्यावरच त्यांस कळलें कीं, आपणां सर्वांस एकत्र ठेवणार नाहींत. कांहीं आप्त या बाजूस आले, कांहीं रेझोल्यूट येथें उतरविले गेले. २०१० सालीं सरकारनें त्यांची जाहीर क्षमा मागितली.

आज ग्रिस फिओर्डचें विमान येतें तें त्याच रेझोल्यूटहून! जहाजानें ज्यांची ताटातूट केली, त्यांच्या नातवंडांची भेट आतां विमान घडवितें. गांवांत प्रसूतीची सोय नाहीं. आपल्याकडे लेक बाळंतपणास माहेरीं येते. तेथील लेकीस मात्र माहेर व सासर दोन्हीं सोडून, दिवस भरण्यापूर्वीं कित्येक आठवडे, विमानानें दूरच्या शहरीं जाऊन राहावें लागतें. तिचें तान्हें मूल घरीं येतें तेंही याच खडीवर उतरून.

अशा विमानतळाचा जमाखर्च केवळ उतारूंच्या संख्येवर मांडणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ज्या सरकारनें माणसांस तेथें नेऊन ठेविलें, त्याच्यावर त्यांच्या येण्याजाण्याची वाट कायम खुली राखण्याचें ऋण आहे. आणि क्षमा मागितल्यानें तें फिटत नाहीं.