भयकथांच्या पानांतले तलवारबहाद्दर

तलवार आणि जादूटोण्याच्या कथांचा नायक बहुधा एकांडा, पोटासाठी लढणारा योद्धा असतो. त्याच्यापुढे एखादा कपटी मांत्रिक, शापित नगर किंवा भुयारात दडलेला पुरातन राक्षस उभा ठाकतो. जग वाचवण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. आजची रात्र जिवंत निघाली तरी पुष्कळ. अमेरिकेत १९६० आणि १९७०च्या दशकांत या कथा भयकथांच्या कृष्णधवल चित्रकथा-मासिकांत बहरल्या. वरवर पाहता त्या तिथे पाहुण्या वाटतात, पण खरे तर ते त्यांचे माहेरच होते.

टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स या लहानशा गावात राहणाऱ्या रॉबर्ट ई. हॉवर्डने कोनन हा रानवट योद्धा निर्माण केला. त्याची पहिली कथा डिसेंबर १९३२मध्ये ‘विअर्ड टेल्स’मध्ये आली, आणि ‘विअर्ड टेल्स’ हे भुताखेतांच्या नि अद्भुत कथांचे मासिक होते. भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टशी हॉवर्डचा अनेक वर्षे पत्रव्यवहार होता. त्यामुळे कोननच्या कथांत लढाईइतकीच भीतीही मुरलेली आहे. १९३६मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी हॉवर्डने आत्महत्या केली. या कथाप्रकाराला आजचे नाव मिळाले ते पुढे १९६१मध्ये. ते फ्रिट्झ लायबर या लेखकाने सुचवले.

चित्रकथांच्या दुनियेत तोवर मोठी उलथापालथ झाली होती. मुले बिघडतात या ओरडीनंतर १९५४मध्ये अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवरच ‘कॉमिक्स कोड’ ही आचारसंहिता लादून घेतली. व्हॅम्पायर, चालती प्रेते, नरपशू यांना बंदी आली. ‘हॉरर’ हा शब्दही नावात चालेनासा झाला. मात्र ही बंधने कॉमिक बुकांपुरती होती. जेम्स वॉरन या प्रकाशकाने नेमकी हीच फट हेरली. मोठ्या आकाराचे, कृष्णधवल आणि मासिकांच्या मांडणीत विकले जाणारे प्रकाशन कोडच्या कक्षेत येत नव्हते. १९६४मध्ये त्याने ‘क्रीपी’ सुरू केले. साधे कॉमिक बारा सेंटला मिळत असताना याची किंमत पस्तीस सेंट होती. पाठोपाठ ‘ईरी’ आले आणि १९६९मध्ये ‘व्हॅम्पिरेला’.

संपादक आणि मुख्य कथालेखक आर्ची गुडविनने भुताखेतांच्या जोडीला तलवारबाजांनाही जागा दिली. त्याचा थेन हा रानटी योद्धा १९६७मध्ये ‘क्रीपी’त अवतरला. ‘स्पायडरमॅन’चा सहनिर्माता स्टीव्ह डिट्को तेव्हा मार्व्हल प्रकाशन सोडून वॉरनकडे आला होता. थेनची पहिली कथा त्याने चित्रित केली. इथे त्याला रंगीत छपाईची गरजच उरली नाही. पाणी मिसळलेल्या शाईच्या फिकट-गडद छटांतून त्याने धूर, धुके आणि मंत्रांनी वळवळणारी हवा उभी केली. स्वस्त कागदावरच्या चार रंगांना हे कधीच साधले नसते. मासिकाच्या रचनेचाही कथांना फायदा झाला. सहा-आठ पानांच्या स्वतंत्र भयकथेत शेवटी कलाटणी हवीच, म्हणून नायक हरू शकतो, मरूही शकतो. कादंबरीमालिकेतला योद्धा पुढच्या भागात परत येणार, हे वाचकाला ठाऊक असते. इथे तशी हमी नव्हती, आणि या कथांची खरी धार तीच आहे.

मुखपृष्ठे बऱ्याचदा फ्रँक फ्राझेटाची असत. १९६६मध्ये लान्सर बुक्सच्या कोनन-पुस्तकासाठी त्याने काढलेल्या चित्राने हा योद्धा कसा दिसतो हे कायमचे ठरवून टाकले. ‘ईरी’साठी १९६९मध्ये केलेले त्याचे ‘इजिप्शियन क्वीन’ हे मूळ चित्र २०१९मध्ये चोपन्न लाख डॉलरला विकले गेले.

१९६७च्या सुमारास पैशांची चणचण भासू लागली, गुडविन सोडून गेला, आणि वॉरनची मासिके जुन्याच कथा पुन्हा छापू लागली. त्यांना नवे बळ मिळाले ते स्पेनच्या चित्रकारांकडून. एस्तेबान मारोतोचा डॅक्स हा योद्धा मूळचा स्पॅनिश. १९७२पासून तो ‘ईरी’त झळकला. मारोतोच्या पानांत चौकटी एकमेकींत विरघळतात, केस आणि वेली एकाच रेषेतून वाहतात. डॅक्स पुष्कळदा लढाई जिंकतो आणि प्रिय व्यक्ती गमावतो. थेनपेक्षा तो कितीतरी उदास आहे, आणि या मासिकांतला सर्वांत देखणा नायकही तोच.

मार्व्हलने १९७०मध्ये रॉय थॉमस आणि बॅरी विंडसर-स्मिथ यांच्या हाती कोननचे रंगीत कॉमिक सोपवले, पण तिथे कोडचा पहारा होता. कोननची हिमदानवाच्या मुलीची कथा १९७१मध्ये मार्व्हलच्याच ‘सॅव्हेज टेल्स’ या कृष्णधवल मासिकात मोकळेपणाने छापली गेली. रंगीत अंकात ती घेताना नायिकेच्या अंगावर कपडे चढवावे लागले. १९७४मध्ये निघालेले ‘सॅव्हेज सोर्ड ऑफ कोनन’ मग २३५ अंक चालले. त्यात जॉन बुसेमाच्या पेन्सिलीवर फिलिपिन्सच्या आल्फ्रेडो अल्कालाने कोरीव कामासारखी दाट शाई चढवली. वॉरनची कंपनी १९८३मध्ये दिवाळखोरीत बुडाली, तर मार्व्हलचे हे मासिक १९९५पर्यंत तगले. ‘क्रीपी’चे जुने अंक २००८पासून डार्क हॉर्स प्रकाशनाने जाड बांधणीच्या खंडांत पुन्हा उपलब्ध केले. थेनच्या कथा आता त्यांत वाचायला मिळतात.