भुसा कुणाचा?

कोकणात घराची खरी झाडलोट दिवाळीआधी होत नाही, गणपतीआधी होते. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या घराचा माळा उतरवला, तेव्हा एकाच दिवशी तीन निरनिराळ्या खुणा सापडल्या. देवघराच्या चौकटीखाली मैद्यासारखी बारीक भुकटी पडली होती. चिमटीत धरली की बोटांना पावडर लावल्यासारखी चिकटून राहायची. मधल्या खोलीतल्या कपाटात दाणेदार खसखस साचली होती, कागदावर ओतली की सुटी घरंगळायची. तिसरी खूण भुशाची नव्हतीच. जोत्यापासून निघून भिंतीवरून फडताळाच्या पाठीपर्यंत पेन्सिलीएवढ्या रुंदीची मातीची रेघ गेली होती.

औषध मारणाऱ्याला बोलावले. त्याने तिन्ही ठिकाणी एकच औषध मारले आणि निघून गेला. पुढच्या पावसाळ्यात मैदा पुन्हा पडला, खसखस पुन्हा साचली आणि मातीची रेघ हातभर अंतरावर नव्याने उगवली. कीड कोणती, हे त्याने विचारले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. त्या वर्षापासून मी हा विषय वाचत आलो आहे, घरोघरी विचारत आलो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. घरातली कीड क्वचितच समोर येते. समोर येते ती तिची खूण, आणि ती नीट वाचली तर निम्मे काम होते.

मैद्यासारखी भुकटी पाडतो तो लाकडातला भुंगेरा. कोकणात ‘लाकडाला भिरूड लागली’ म्हणतात ती हीच. ही भुकटी पाडणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीला लाकडातला पिठूळ अंश, म्हणजे स्टार्च, लागतो. तो असतो झाडाच्या बाहेरच्या, फिकट रंगाच्या थरात. सागाचा गडद नार ती सहसा धरत नाही. त्याच फळीच्या कडेला सुताराने पांढरा भाग ठेवला असेल तर तेवढीच पट्टी पोखरली जाते. आमच्या चौकटीत अगदी हेच झाले होते. टाचणीच्या डोक्याएवढे गोल भोक दिसते, त्यातून किडा आत शिरला असे आपण समजतो. खरे तर त्यातून तो बाहेर पडून गेलेला असतो. अंडे घालून, अळी वाढून, पोखरण पुरी झाल्यावरच ते भोक पडते. मादी अंडी घालते ती उघड्या लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत. म्हणून पॉलिश किंवा रंग दिलेला पृष्ठभाग ती टाळते, आणि फर्निचरची जी मागची-खालची बाजू कुणी रंगवत नाही तिथेच ही कीड लागते. बांबूचेही तसेच. तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा हा जुन्या माणसांचा रिवाज आहे. त्यामागचे कारण साधे आहे. पाण्यात बांबूतला गोडवा आणि पिठूळ अंश निघून जातो, मग भुंगेऱ्याला खायला काही उरत नाही.

खसखस मात्र वाळवीची होती, आणि हे कळायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. वाळवी म्हटले की आपल्याला माती आठवते. कोरड्या लाकडात राहणारी वाळवी मातीला शिवतही नाही. तिची सगळी वस्ती, राजा-राणीसकट, त्या एका कपाटाच्या फळीत असू शकते. ती आपली विष्ठा एका बारीक भोकातून बाहेर ढकलते. त्या दाण्यांकडे भिंगातून पाहिले तर प्रत्येक दाण्याला सहा कडा दिसतात, कारण पाण्याचा शेवटचा थेंब शोषून घेताना आतड्याचे स्नायू दाण्याला सहा बाजूंनी दाबतात. असा सहा पैलूंचा दाणा दुसरी कुठली घरातली कीड पाडत नाही. ती फळी काढून टाकणे किंवा नेमक्या त्या पोकळीत औषध सोडणे हाच उपाय. जमिनीत कितीही औषध ओतले तरी तिला पत्ता लागत नाही.

मातीची रेघ जमिनीतल्या वाळवीची. तिचे कामकरी आंधळे असतात, कातडी मऊ, उघड्या हवेत थोड्याच वेळात सुकून मरणारी. म्हणून ती जमिनीतला ओलावा सोबत घेऊन मातीचा बोगदा बांधत येते. बोटभर बोगदा मोडून ठेवा आणि चार दिवसांनी पाहा. पुन्हा बांधलेला दिसला तर वस्ती जिवंत आहे. भिंतीवरचा बोगदा खरवडून टाकल्याने काहीच होत नाही, कारण खाणारे इथे असले तरी घर जमिनीत आहे. इमारत बांधतानाच पायाच्या आणि जोत्याच्या मातीला प्रक्रिया करण्यासाठी ‘आयएस ६३१३’ हे भारतीय मानक आहे. घर बांधायला काढणाऱ्या प्रत्येकाने ठेकेदाराला या क्रमांकाबद्दल विचारावे. नंतर भिंतीला छिद्रे पाडून औषध भरण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते.

वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणतात, पण मुंगीशी तिचे नाते नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तिला झुरळांच्याच कुळात बसवले. आणि ज्या वारुळाला आपण नागाचे म्हणतो ते बहुधा तिनेच बांधलेले असते. गोव्यात आणि सिंधुदुर्गात सातेरी देवी वारुळाच्या, म्हणजे रोयणीच्या रूपात पुजली जाते. पावसाळ्यात त्याच रोयणीवर उगवणारी अळंबी बाजारात चढ्या भावाने विकली जाते. ती बुरशी वाळवी आपल्या वारुळात मुद्दाम पिकवते. रानात पालापाचोळ्याची माती करणारा हा जीव, आपण त्याच्या रानात लाकडाची चौकट उभी केली की तेच काम तिथे करतो.

फडताळातल्या कागदांचे नुकसान वेगळेच होते, आणि इथे दोन गुन्हेगार एकमेकांच्या नावावर खपून जातात. पानाचा वरचा थर खरवडलेला, कडा वेड्यावाकड्या, मधे कागद इतका पातळ की उजेड आरपार यावा, अशी खूण असेल तर ती चंदेरी कसर. सेंटिमीटरभर लांब, माशासारखी चकचकीत, मागे तीन शेपट्या, पंख नाहीत. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात तिचे सूक्ष्मदर्शकातून काढलेले चित्र छापले आणि तिला पुस्तकातला किडा म्हटले. पण ती पुस्तक पोखरत नाही, चाटून खाते. तिला हवी असते खळ. आपल्याकडे बांधणीवाला पुठ्ठ्याला लावतो ती खळ आणि लुगड्याला देतात तीही खळ, आणि कसर दोन्हीवर सारखीच तुटून पडते. म्हणून सुती कपडे वर्षभरासाठी ठेवायचे असतील तर खळ धुऊन ठेवावेत.

पुस्तकाच्या पहिल्या पानापासून पन्नासाव्या पानापर्यंत सुईने आरपार टोचल्यासारखे गोल भोक असेल, तर ते काम एका लहानशा तांबूस भुंगेऱ्याच्या अळीचे. हाच भुंगेरा स्वयंपाकघरात लाल तिखटात, धन्यांत, हळकुंडांत सापडतो. पुस्तकांचे कपाट आणि मसाल्याचे फडताळ शेजारी असेल तर तो एकीकडून दुसरीकडे जातो. मी पुस्तकांना औषध मारत होतो आणि मूळ होते विसरलेल्या धन्यांच्या डब्यात.

आपल्या पूर्वजांना कागद टिकवणे ही रोजची काळजी होती. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद आजही कापडी रुमालांत बांधलेले आहेत. पोथ्यांत वेखंड ठेवत. चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ फासत, म्हणून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. हरताळ म्हणजे गंधकयुक्त सोमल, जहाल विष, आणि ज्या कागदाला ती लावली जाई तिथे किडीची सहसा हिंमत होत नसे. आज घरी असला प्रयोग कुणी करू नये.

रेशीम आणि लोकर यांचा शत्रू पुन्हा वेगळा. पैठणीला किंवा शालीला अनियमित भोके पडली, जवळ केसाळ, तपकिरी कात सापडली, तर ती गालिच्याच्या भुंगेऱ्याची अळी. ती प्राणिज धागाच खाते, सुती सहसा नाही. प्रौढ भुंगेरा तर फुलातले पराग खातो आणि खिडकीपाशी उजेडाकडे धावतो. खिडकीच्या कठड्यावर ठिपक्याठिपक्यांचे इवलेसे गोल भुंगेरे मरून पडलेले दिसले की रेशमी कपड्यांचे कपाट उघडून पाहावे. डांबरगोळ्यांवर आपला फार विश्वास, पण लहान बाळाचे कपडे त्यांत ठेवू नयेत. ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात उणीव असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात.

आता धान्य. इथे मराठी भाषेकडे फार नेमके शब्द होते आणि आपण ते सोडून सगळ्याला ‘किडे’ म्हणू लागलो, याचे मला मनापासून वाईट वाटते. तांदळात झालेल्या सोंडवाल्या तीन मिलिमीटरच्या भुंगेऱ्याला टोके किंवा सोंडे म्हणत. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि वर चिकट बूच बसवते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते, म्हणून चाळलेला, निवडलेला, स्वच्छ दिसणारा तांदूळ महिन्याभराने अचानक चालू लागतो. एक मादी तीनशे-चारशे अंडी घालते. मुठीतला तांदूळ पाण्यात टाकला तर पोखरलेले दाणे वर तरंगतात. घरातल्या घरात करता येणारी ही सगळ्यांत सोपी परीक्षा.

कडधान्याच्या भुंग्याची खूण बाहेरच असते. मुगाच्या, चवळीच्या दाण्यावर मोहरीहूनही लहान पांढरा ठिपका चिकटलेला दिसतो, ते अंडे. प्रौढ भुंगा साठवणीत काही खात नाही, दहा-बारा दिवस जगतो, अंडी घालतो आणि मरतो. त्याची सुरुवात शेतातच शेंगेवर होते, त्यामुळे दर वेळी वाण्याला दोष देऊ नये. तुरीला एरंडेल चोळून ठेवायची आपली रीत शास्त्राला धरून आहे. तेलाचा थर अंड्याची हवा बंद करतो.

पिठातला तांबडा सुरसा आख्खा दाणा फोडू शकत नाही, त्याला पीठ, रवा, भरडा लागतो. त्याच्या अंगातून निघणाऱ्या द्रव्याने पीठ गुलाबी होते आणि उग्र वास मारते. असे पीठ चाळून वापरू नये, टाकून द्यावे. रव्याला जाळी धरली तर मात्र ती पतंगाची अळी. यांतल्या तांदळाच्या पतंगाचा शेतकऱ्यांना उपयोगही होतो. कृषी प्रयोगशाळा त्याला मुद्दाम वाढवतात, त्याच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा नावाची सूक्ष्म गांधीलमाशी पोसतात आणि ती अंडी कार्डावर चिकटवून उसाच्या फडात लावतात. ट्रायकोकार्ड म्हणतात ते हेच.

खापरा भुंगेऱ्याचे नाव इंग्रजीतही खापराच आहे. त्याची केसाळ अळी अन्नाविना भेगेत वर्षानुवर्षे झोपून राहते. १९५३ साली तो अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या गोदामांत सापडला, तेव्हा आख्ख्या इमारती ताडपत्रीत गुंडाळून धुरी द्यावी लागली. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आईच्या बॅगेतला आंबेमोहोर विमानतळावर काढून घेतात, त्यामागे हाच भुंगेरा आहे. २०११ पासून खापरा असलेल्या देशांतून प्रवाशाने तांदूळ नेण्यास तिथे मनाई आहे.

या सगळ्यांवर आपल्याकडे फार जुना उपाय होता. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवत, आणि गावोगावी ज्वारीचीही पेवे असत. तोंड बंद केले की आतला माल आणि कीड मिळून हवेतला प्राणवायू संपवतात आणि कीड गुदमरते. म्हणूनच उघडलेल्या पेवात माणूस लगेच उतरवत नसत. आजची घट्ट झाकणाची, काठोकाठ भरलेली पत्र्याची कोठी तेच काम करते. अर्धी रिकामी कोठी करत नाही. कडक उन्हात पातळ पसरून वाळवलेले धान्य भरावे. थोडके असेल तर आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवावे.

झुरळे आणि ढेकूण यांच्याबद्दल थोडकेच सांगतो, कारण त्यांना सगळे ओळखतात. मानेवर दोन काळ्या रेघा असलेले लहान झुरळ ‘जर्मन’ म्हणवते, पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या भागात माणसाच्या आश्रयाला आले. मादी अंड्यांची पिशवी शेवटपर्यंत अंगावर वाहते, म्हणून ओट्याखाली पोटाला पिशवी असलेली एक जरी दिसली तरी तीस-चाळीस पिल्ले येऊ घातलेली आहेत असे समजावे. ढेकणाची खूण गादीच्या शिवणीवर. शाईच्या निबाने टोचल्यासारखे काळे ठिपके.

शेवटी एक विनंती, आणि या लेखातला माझा खरा जीव हिच्यात आहे. गव्हात चार टोके दिसले म्हणून अनेक घरांत अजूनही ‘गव्हाची गोळी’ ठेवतात. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो. तो कोठीच्या फटीतून शेजारच्या खोलीत, झोपलेल्या माणसांपर्यंत जातो आणि त्यावर उतारा नाही. कायद्याने ती घरगुती वापरासाठी विकता येत नाही, फक्त सरकारी संस्थांनी आणि परवानाधारकांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरायची असते. तुमच्या घरी अशी गोळी असेल तर तिचा डबा उघडू नका, ती पाण्यात टाकू नका. माणसांच्या वावरापासून दूर, घराबाहेरच्या कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा आणि आजच तालुक्याच्या कृषी कार्यालयाला कळवा.