संमतीच्या घटस्फोटात न्यायालयाकडे मागायचे काय?

आजचा विषय मंगल नाही, हे आरंभीच कबूल केले पाहिजे. परंतु ज्या घरावर हा प्रसंग येतो त्या घराला तो टाळता येत नाही, आणि आला म्हणजे कोणाला विचारावे हेही बहुधा कळत नाही. त्यातून ज्या घटस्फोटात भांडण उरलेले नाही, दोघांनीही वेगळे व्हायचे ठरवले आहे, त्यात विचार करण्याजोगे काही नाही असा समज फार पसरलेला आहे. ‘दोघेही राजी आहेत, दोन सह्या केल्या की झाले!’ असे नातलग म्हणतात. या म्हणण्यात अर्धेच सत्य आहे. उरलेल्या अर्ध्याची किंमत मुलांना, आणि ज्याला स्वतःची कमाई नाही अशा जोडीदाराला, पुढे वर्षानुवर्षे मोजावी लागते.

फारकत, काडीमोड, सोडचिठ्ठी हे शब्द आपल्या भाषेत जुनेच आहेत. अनेक जातींत रूढीने काडीमोड होत असे, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने अशी रूढी कलम २९ मध्ये अबाधित ठेवली. मुंबई प्रांतात १९४७ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता. परंतु या कायद्यांत एका पक्षाने दुसऱ्याचा दोष सिद्ध करावा लागे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात परस्परसंमतीची वाट प्रथमपासून होती. हिंदू विवाह कायद्यात ती १९७६ साली कलम १३-ब म्हणून आली. तेव्हापासून एकमेकांवर चिखलफेक न करता विभक्त होणे शक्य झाले. ही सोय मोठीच आहे. पण तिच्यामुळेच कागद घाईने लिहिले जातात.

कलमाची रीत थोडक्यात अशी. दोघे निदान एक वर्ष वेगळे राहिलेले असावेत, एकत्र राहणे त्यांना अशक्य झालेले असावे, आणि विवाह संपवण्याबद्दल त्यांचे एकमत असावे. दोघांनी मिळून अर्ज करायचा. त्यानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे. हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. सहा महिन्यांची मुदत योग्य प्रसंगी माफ करता येते, असे त्याच न्यायालयाने २०१७ साली ठरवले. पण ती माफ करण्याआधी पोटगी, मुलांचा ताबा आणि इतर तंटे खरोखर मिटले आहेत काय, हे पाहावे असे सांगितले. म्हणजे ज्यांना लवकर मोकळे व्हायचे आहे त्यांनीच आधी नीट ठरवून यावे, असा याचा अर्थ होतो.

आता मुख्य मुद्दा. न्यायालय विवाह संपवते; पण पैसा, मुले, घर यांविषयी जे मागितलेच नाही ते ते आपण होऊन सहसा देत नाही. जे मोघम मागितले त्याची पुढे बजावणी होत नाही. आणि काही गोष्टी अशा आहेत की त्या त्या न्यायालयाच्या हातातच नसतात. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अपीलही चालत नाही. म्हणून मसुद्यावर सही करण्यापूर्वी मागण्यांची निवड करणे हेच या प्रकरणातले खरे काम होय.

पहिली मागणी पोटगीची. कलम २५ प्रमाणे न्यायालय एकरकमी पोटगी देऊ शकते किंवा दरमहाची, आणि तिच्यासाठी स्थावर मालमत्तेवर बोजाही ठेवू शकते. अर्ज पती करू शकतो तसाच पत्नीही. एकरकमी रकमेत संबंध संपतात, वसुलीची कटकट उरत नाही. पण ती रक्कम नीट गुंतवावी लागते आणि पुढे कमी पडली तर पुन्हा मागणे फार अवघड होते. दरमहाची पोटगी परिस्थिती बदलली की वाढवून किंवा कमी करून घेता येते. परंतु देणाऱ्याची नोकरी आणि नियत या दोहोंवर ती अवलंबून असते. पोटगी घेणाऱ्याने पुनर्विवाह केला तर तीत बदल किंवा रद्दबातलही होऊ शकते. ज्याची कमाई अनिश्चित आहे त्याच्याकडून एकरकमी घ्यावी. ज्याची नोकरी पक्की पण शिल्लक थोडी, त्याच्याकडून दरमहाची घेऊन तिला घराचा बोजा जोडावा, हे साधे धोरण होय. एकरकमी ठरली तर शेवटचा हप्ता अंतिम तारखेला न्यायालयासमोरच द्यावा, आणि मध्येच कोणी संमती मागे घेतली तर आधी दिलेल्या पैशांचे काय व्हायचे तेही लिहावे.

दरमहाच्या रकमेत वार्षिक वाढ लिहायला लोक हमखास विसरतात. समजा, सहा वर्षांच्या एका मुलीसाठी दरमहा दहा हजार रुपये ठरले. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर ती अठरा वर्षांची होईल तेव्हा त्या दहा हजारांची किंमत आजच्या पाच हजारांएवढी उरेल. म्हणजे शाळेतून महाविद्यालयात जाण्याच्या, खर्च वाढण्याच्या नेमक्या वेळी रक्कम निम्मी झालेली असेल. ‘दरवर्षी इतके टक्के वाढ’ या चार शब्दांनी हा अन्याय टळतो.

दुसरी मागणी मुलांविषयीची. कलम २६ खाली ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांविषयी न्यायालय आदेश देते, आणि शक्य तेथे मुलांची इच्छाही लक्षात घेते. ‘मुलगी आईकडे राहील, वडिलांना सोयीने भेटता येईल’ हे वाक्य मी मुद्दाम घेतो, कारण ते दिसायला सर्वांत सौजन्याचे आणि वागायला सर्वांत घातक आहे. सोय कोणाची? आज दोघे बोलत आहेत तोवर ठीक. उद्या एकाने दुसरे लग्न केले, बदली झाली, की त्या ‘सोयी’वरून तंटा सुरू होतो आणि ताणली जाते ती मुलगी. त्यापेक्षा कोणत्या वारी, किती वाजता, कोठून न्यायची, कोठे आणून सोडायची; दिवाळीचे कोणते दिवस कोणाकडे, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची; शाळेच्या कागदांवर आणि पारपत्राच्या अर्जावर सही कोणाची, हे लिहावे. रुक्ष वाटते खरे, पण त्या रुक्षपणातच मुलीचा निवांतपणा आहे. शिवाय पोषणखर्च अठराव्या वर्षापाशीच तोडू नये. अविवाहित मुलीला स्वतःचे भागवता येत नसेल तर तिच्या पोषणाची जबाबदारी १९५६ च्या दत्तक व पोषण कायद्याने पुढेही राहते. मुलाच्या उच्च शिक्षणाचेही आईबापांनी संमतीने लिहून ठेवावे. आणि ‘मुलासाठी यापुढे काहीही मागणार नाही’ असे आईने लिहून दिले तरी तो मुलाचा हक्क आहे. तो आईला सोडून देता येत नाही. असे वाक्य मसुद्यात आले तर ते काढून टाकावे.

तिसरी मागणी वस्तूंची व घराची. कलम २७ ची व्याप्ती लोक समजतात त्यापेक्षा लहान आहे. लग्नाच्या सुमारास भेट आलेल्या आणि दोघांच्या मालकीच्या वस्तूंपुरतेच ते आहे. पत्नीचे स्त्रीधन तिचेच. त्याची वजनासह यादी करून ते केव्हा परत मिळाले किंवा मिळायचे हे नमूद करावे. लग्नानंतर कर्ज काढून घेतलेले घर मात्र संमतीच्या अटींत स्वतंत्रपणे घातले पाहिजे. कुटुंब न्यायालयाला पतिपत्नींच्या मालमत्तेचा प्रश्न ऐकता येतो. परंतु बँक या प्रकरणात पक्षकार नसते. ‘हप्ते पती भरील’ असे हुकूमनाम्यात असले तरी कर्जाच्या कागदावर पत्नीची सही असेल तर बँक तिलाही धरू शकते. म्हणून कर्जाच्या कागदावरून नाव कमी करून घेण्याची तारीख ठरवावी, आणि मुद्रांक व नोंदणीचे काय लागेल ते वकिलांना आधीच विचारावे.

चौथी गोष्ट इतर खटल्यांची, आणि येथे फसगत फार होते. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज करणारीला मागे घेता येतो. पण छळाची फौजदारी फिर्याद (पूर्वीचे कलम ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) पक्षांनी आपसांत मिटवून संपत नाही, आणि कुटुंब न्यायालयालाही ती रद्द करता येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. तेव्हा ‘सर्व खटले संपतील’ एवढेच लिहून भागत नाही. कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, कोठे अर्ज करायचा आणि दुसऱ्याने तेथे कोणते प्रतिज्ञापत्र द्यायचे, हे लिहावे लागते.

काही कामे तर न्यायालयाकडे मागायचीच नसतात, पण विसरायचीही नसतात. घटस्फोटानंतर पत्नी पतीची वारस राहत नाही, मुले मात्र राहतात. विम्यावर, भविष्यनिर्वाह निधीवर आणि बँकेच्या खात्यावर मात्र जुनेच नाव पडून असते. ते बदलण्याचे काम ज्याचे त्याने त्याच आठवड्यात करावे.

संमती खरी असायची तर माहितीही खरी हवी. पोटगीच्या प्रकरणांत दोघांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवून दिले. भांडण नसले तरी अशी प्रतिज्ञापत्रे एकमेकांना द्यायला हरकत कसली? संमती जबरदस्तीने किंवा फसवणुकीने घेतलेली नाही ना, हे पाहणे न्यायाधीशांचे कर्तव्य आहे. पण त्यांच्यासमोर दोघे काही मिनिटेच उभे असतात. कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. दोघांनी एकच वकील केला असेल तर निदान ज्याची बाजू दुबळी आहे त्याने मसुदा दुसऱ्या एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवावा. वकिलाची फी परवडत नसेल तर स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न घालता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत साहाय्य मिळते.

काहींना वाटेल की, शांतपणे दूर होणाऱ्यांना इतके हिशेब शिकवणे म्हणजे त्यांच्यात नवे भांडण लावणेच होय. मला उलट वाटते. समजूतदारपणा शिल्लक आहे तेव्हाच तो कागदावर उतरवून ठेवता येतो. तो संपल्यावर लिहायला कोणी बसत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी दोघांनी मसुदा एकदा मोठ्याने वाचावा आणि प्रत्येक कलमापाशी एकच प्रश्न विचारावा: उद्या आपल्यात बोलणे उरले नाही आणि दरखास्त लावावी लागली, तर कोणी, काय, किती आणि केव्हा द्यायचे, हे आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाला या कागदावरून कळेल काय? ज्या कलमाला ‘कळेल’ असे उत्तर येत नाही, ते पुन्हा लिहावे.